साथीदारांच्या तबकड्या : ब्राझीलचं जॅझ-फंक पुन्हा छापून येतंय

काळी_दोन

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय. आज धागा काढतोय, कारण गप्प बसवत नाहीये.

गेल्या शनिवारी घरी एक चपटं चौकोनी खोकं आलं. आत 'अझिमुथ' या ब्राझिलियन त्रिकुटाची १९७५ सालची पहिली एलपी होती, नव्याने छापलेली. मूळ छपाईची तबकडी घेणं माझ्या खिशाला झेपणारं नाही. शनिवारपासून घरात दुसरं काही लागलेलं नाही. सकाळी चहाला पहिली बाजू, रात्री जेवणं आटोपली की दुसरी.

मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपतीत, लग्नाच्या संगीतात, कुठे वर्धापनदिन असला तर तिथे. फलकावर गायकाचं नाव असतं, निवेदकाचं असतं आणि खाली 'व सहकारी'. त्या 'व सहकारी'मध्ये मी. म्हणूनच या तिघांची गोष्ट माझ्या फार जवळची आहे.

जोझे रोबेर्तो बेर्त्रामी कीबोर्डवर, आलेक्स माल्येरोस बेस गिटारवर आणि इव्हान काँती ड्रमवर. तिघेही रिओतल्या स्टुडिओंमधले साथीदार. दिवसभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचं आणि रात्री क्लबमध्ये स्वतःचं. १९७३ साली मार्कोस व्हाले या गायक-संगीतकाराने मोटार शर्यतींचा विश्वविजेता एमर्सन फित्तिपाल्दी याच्यावरच्या चित्रपटाला संगीत दिलं, तेव्हा साथीला हे तिघे होते. त्यांचं नावही व्हालेच्याच एका जुन्या रचनेवरून आलं. त्याच वर्षी व्हालेची 'प्रेव्हिझांव दु टेंपु' ही एलपी आली. नावाचा अर्थ 'हवामानाचा अंदाज'. त्यावरचे कीबोर्ड ऐका, दोन वर्षांनंतरचं अझिमुथ तिथेच बसलेलं दिसेल.

१९७५ ची ही एलपी 'सोम लिव्हरे' कंपनीने काढली. ही ग्लोबो या टीव्ही वाहिनीची रेकॉर्ड कंपनी. तिकडे रोजच्या मालिकांच्या गाण्यांच्या एलपी निघायच्या आणि घराघरांत वाजायच्या. अझिमुथचं 'लिन्या दु ओरिझोंची' असंच एका मालिकेतून लोकांच्या तोंडी बसलं. गाणं संथ आहे. शब्द थोडे, आवाज लांबून आल्यासारखे, आणि खाली ऱ्होड्स पियानो.

ऱ्होड्सबद्दल दोन ओळी लिहितोच. त्यात तारा नसतात. पट्टी दाबली की हातोडी एका बारीक धातूच्या काडीवर आपटते आणि त्या काडीचं कंपन शेजारचं चुंबक-वेटोळं टिपून घेतं. हळू दाबलं तर काचेच्या गोट्या एकमेकींना लागल्यासारखा आवाज, जोरात दाबलं तर तोच आवाज थोडा फाटतो, गुरगुरतो. बेर्त्रामी या दोन टोकांच्या बरोबर मध्ये वाजवतात. एकच स्वर तीनदा वाजवला तर तीन वेगळ्या दाबांनी. माझ्या कीबोर्डात 'इलेक्ट्रिक पियानो' नावाची कळ आहे. वीस वर्षं ती दाबतोय, पण तो आवाज मुळात कुठून आला हे मला आत्ता कानांनी कळलं.

पुढे १९७७ साली हे स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवात वाजवून आले. मग अमेरिकेतल्या माइलस्टोन कंपनीशी करार झाला. १९७९ च्या 'लाइट अ‍ॅज अ फेदर'मधलं 'जॅझ कार्निव्हल' १९८० मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या विसात गेलं. नऊ मिनिटांहून मोठी, गायनाच्या आधाराशिवाय उभी असलेली रचना, आणि लोक दुकानात रांग लावून ती विकत घेतायत. वाजवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं?

बेर्त्रामी २०१२ मध्ये गेले. काँती २०२३ मध्ये. माल्येरोस अजून वाजवतात.

मला तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. या वळणाचं आणखी काय ऐकावं? आणि ही जी जुन्या तबकड्यांची नवी छपाई चाललीय, ती तुम्हाला कशी वाटते? माझ्यापुरतं सांगतो. आतल्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे कोणी काय वाजवलं ते छापलंय. तो कागद मी गाण्यांइतक्याच वेळा वाचला.

शब्दवेडी

वा! वाचतेय. संगीतातलं फार कळत नाही, पण ऱ्होड्सचा परिच्छेद वाचून लगेच शोधून ऐकलं. काचेच्या गोट्या अगदी पटलं. या नावांचे अर्थ कोणी सांगेल का?

मडगांवकार

मी सांगतो. घरात आजी पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे थोडं येतं. 'लिन्या दु ओरिझोंची' म्हणजे क्षितिजरेषा. त्यांच्या १९७७ च्या एलपीचं नाव 'आगिया नांव कोमी मोस्का', म्हणजे गरुड माश्या खात नाही. आणि ड्रमवाले इव्हान काँती यांना सगळे 'मामांव' म्हणत. मामांव म्हणजे पपई.

आपल्याला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही. बटाटा, पाव, साबण, चावी, पगार, बादली हे सगळे शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आलेले. काजूचं तर झाडच ब्राझीलचं. पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं आणि नावही बरोबर आलं, 'काजू'. ब्राझिलियन गाणी ऐकताना मध्येच असा घरातला शब्द कानावर पडतो आणि मी दचकतो.

काळी_दोन, तुमचा साथीदारांचा मुद्दा वाचून आत काहीतरी हललं. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात आमच्या गोव्याच्या माणसांनी नेमकं हेच केलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट आणि शेकडो व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले. चाल संगीतकाराची, पण शंभर वाद्यांना काय वाजवायचं ते कागदावर लिहून देणारा गोंयकार. रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचा पत्ता नसायचा. रिओमध्ये निदान तिघांनी मिळून स्वतःच्या नावाची तबकडी तरी काढली.

अवांतर : गोमंतकीय आईबापांच्या पोटी मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि तिथे १९७२ साली 'कोंकण डान्स' नावाचं ध्वनिमुद्रण केलं. ते बाजारात यायला २००६ साल उजाडलं. तोवर ते स्वतः या जगात नव्हते. पुनर्प्रकाशनाची हौस असलेली माणसं नसती तर आपल्या कोकणाच्या नावाची ती रचना फडताळातच राहिली असती.

ढोलकी_आणि_कडं

मी तमाशाच्या फडात वाढलो, ढोलकी वाजवतो. तुमच्या धाग्यामुळे काल रात्री 'जॅझ कार्निव्हल' कानाला लावून झोपलो आणि झोप लागली नाही. वाजवणाऱ्याच्या नजरेने थोडं लिहितो.

आपल्याकडे वजन समेवर. पहिली मात्रा आली की घुमारा पडतो, ऐकणाऱ्याची मान तिथे हलते. सांबामध्ये, म्हणजे ब्राझीलच्या मिरवणुकीच्या नाचसंगीतात, उलटं आहे. दोन मात्रांचा ठेका, आणि सुर्दू नावाचा त्यांचा मोठा खोल ढोल दुसऱ्या मात्रेवर दणकतो. पहिली मात्रा जवळजवळ मोकळी, दाबून धरलेली. त्यामुळे अख्खी मिरवणूक पुढे झुकल्यासारखी वाटते. पाय टाकायला जमीन आहे, पण ती एक पाऊल पुढे.

आता मामांव काय करतात ते ऐका. सुर्दू, तांबोरीं, पांदेरू, आगोगो (जोडघंटा) ही मिरवणुकीत आठ-दहा माणसांनी वाजवायची वाद्यं. मामांवांनी ती सगळी एका ड्रमसेटवर उतरवून घेतलीत. उजव्या पायात बासचा ड्रम. एका मात्रेचे चार भाग केले तर पाय पहिल्या आणि चौथ्या भागावर पडतो, पुढच्या मात्रेत पुन्हा तसंच. धुम्… धु-धुम्… धु-धुम्… असं ते चक्र फिरत राहतं. वर हायहॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांवर, चारही भाग सारखे वाजतायत, पण सारख्या जोरात नाहीत. पहिला आणि चौथा जरा जड, मधले दोन हलके आणि किंचित सरकलेले. हे सरकणं लिहून दाखवता येत नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, 'बोल बरोबर आहे, चाल नाही.' ती चाल ही.

फंक या अमेरिकेतल्या नाचाच्या संगीतात ड्रमर पहिल्या मात्रेवर कोसळतो. मामांव एकाच वेळी दोन्हीकडे आहेत. बेस गिटार पहिल्या मात्रेवर अंगठा आपटते आणि ड्रम दुसऱ्या मात्रेकडे ओढतो. दोन बैल वेगवेगळ्या बाजूंना ओढतात आणि गाडी सरळ चालते. हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एक प्रश्न : त्याच काळातल्या त्यांच्या एका गाण्यात माकड ओरडल्यासारखं जे वाद्य आहे ते कुठलं?

काळी_दोन

ढोलकी_आणि_कडं, तुमचा प्रतिसाद छापून तालमीच्या खोलीत लावतोय. ते वाद्य म्हणजे कुईका. एका तोंडाला चामडं असलेला डबा. चामड्याच्या मध्यावर आतल्या बाजूने बांबूची बारीक काडी पक्की केलेली. ओलं फडकं घेऊन हात आत घालायचा आणि काडी घासायची, बाहेरून दुसऱ्या हाताचं बोट चामड्यावर दाबून स्वर वरखाली करायचा. गाण्याचं नावच 'मेलो दा कुईका' आहे.

ढोलकी_आणि_कडं

म्हणजे आपल्या चौंडक्याचा लांबचा भाऊ. चौंडक्यात तार छेडतात, इथे काडी घासतात, पण चामड्याला रडायला-हसायला लावायची तऱ्हा तीच. धन्यवाद.

रोखठोक

सगळं वाचलं. संगीत उत्तमच असणार. पण मला एक पटत नाही. हे सगळं फोनवर मिळतं. मग परदेशातून काळी चकती मागवून तीन-चार हजार रुपये घालवायचे कशासाठी? आणि मुख्य म्हणजे ते पैसे जातात कुणाला? परदेशातल्या कंपनीला. ज्यांनी वाजवलं त्यांना काय मिळतं? साथीदारांबद्दल इतकं बोलताय म्हणून विचारतोय.

सुईदोरा

रोखठोक, प्रश्न योग्य आहे. दोन्ही भागांचं उत्तर देतो, पण जरा लांबेल.

आधी पैसे. जुन्या ध्वनिमुद्रणाची मालकी सहसा कलाकाराकडे नसते, कंपनीकडे असते. ब्राझीलच्या त्या काळच्या बऱ्याच कंपन्या पुढे मोठ्यांनी गिळल्या. काँटिनेंटल वॉर्नरकडे गेली, सोम लिव्हरे अलीकडे सोनीने घेतली. छोट्या कंपनीला पुन्हा छापायचं असेल तर आधी या मालकांकडून परवाना घ्यावा लागतो. रचनाकाराला रचनेच्या हक्काचे पैसे मिळतात. पण ज्याने १९७३ मध्ये एका दिवसाची ठरलेली बिदागी घेऊन बेस वाजवला त्याला सहसा काही मिळत नाही. हे आहे ते असं आहे, मी गोड करून सांगणार नाही.

पण सगळ्या छपाया सारख्या नसतात. लंडनची 'फार आउट' ही कंपनी जो डेव्हिस यांनी १९९४ मध्ये काढली. ते त्याआधी तबकड्या शोधत ब्राझीलभर फिरले होते. त्यांनी नुसतं जुनं छापलं नाही, तर अझिमुथला नव्याने स्टुडिओत नेलं. १९९६ चा 'कार्निव्हल' आणि पुढच्या कितीतरी एलपी त्यातून आल्या. ज्या माणसांना लोक विसरत चालले होते त्यांना पुन्हा काम, पुन्हा परदेश दौरे मिळाले. २०१९ मध्ये त्यांनीच १९७३ ते ७५ मधली कच्ची ध्वनिमुद्रणं दोन भागांत काढली. बेर्त्रामींनी रिओच्या लारांजेयरास भागातल्या घरी वाजवून ठेवलेली. ती तोवर कुणी ऐकलीच नव्हती. ब्राझीलचे संगीतकार हर्मेतो पास्कोआल यांचं १९७६ चं एक आख्खं ध्वनिमुद्रणही या कंपनीने २०१७ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणलं. हे फोनवर आपोआप येत नाही. कुणीतरी फीत हुडकावी लागते, ती अजून वाजते का बघावं लागतं, मग कागदपत्रं.

आता तबकडीच का? यासाठी मी आर्तुर व्हेरोकायची गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.

व्हेरोकाय हे गिटारवादक आणि वाद्यमेळ रचणारे. दुसऱ्या गायकांच्या गाण्यांना व्हायोलिनचे ताफे लिहून द्यायचे. १९७२ मध्ये काँटिनेंटलने त्यांना स्वतःच्या नावाची एलपी करू दिली. त्यांनी वीस तंतुवादक बसवले, वर इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन, सिंथेसायझर, खाली सांबाचा ठेका. दहा गाणी, एकूण अर्ध्या तासाच्या आतच. विकली गेली नाही. कंपनीने हात झटकले आणि व्हेरोकाय जाहिरातींची जिंगल्स करायला लागले. तीस वर्षं माणूस स्वतःच्या नावाने जवळजवळ गप्प.

मग अमेरिकेतल्या हिपहॉपवाल्या मुलांना ती तबकडी सापडली. तिच्यातले तुकडे घेऊन गाणी बनू लागली. एमएफ डूमने घेतला, लिटल ब्रदरने घेतला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'उबिक्विटी'ने ती पुन्हा काढली, पुढे ब्रिटनच्या 'मिस्टर बाँगो'ने तबकडीवर छापली. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला तीस वादक घेऊन व्हेरोकायनी ती एलपी रंगमंचावर वाजवली. सदतीस वर्षांनंतर! त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे, जरूर बघा. प्रेक्षकांत बहुतेक सगळी तरुण मुलं. पांढऱ्या केसांचे व्हेरोकाय हात वर करतात आणि 'ना बोका दु सोल'चे पहिले स्वर ऐकून ती मुलं ओरडतात.

तबकडीवर ही एलपी का ऐकावी याला एक साधं भौतिक कारण आहे. एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं संगीत. त्यामुळे खाचांना ऐसपैस जागा मिळते. खर्जाचा स्वर खाचेला आडवं हलवतो, त्याला जागा लागते. बाजूवर पंचवीस मिनिटं कोंबली की आवाज कमी करावा लागतो आणि खर्ज आवळावा लागतो. इथे ती गरजच नाही. चेलो आणि बेस एकदम खोलीत उभे राहतात.

शब्दवेडी

व्हेरोकायबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. सदतीस वर्षं.

आर्या_हाउन्सलो

मी लंडनमध्ये चौदा वर्षं आहे, त्यामुळे 'लंडनच का' यावर थोडं.

१९८० च्या दशकात इथे जॅझवर नाचायची एक लाट होती. शांत बसून ऐकायचं जॅझ नव्हे, घाम काढून नाचायचं. कॅम्डनच्या डिंगवॉल्समध्ये रविवारी दुपारी जाइल्स पीटरसन तबकड्या लावायचे. या नाचणाऱ्या मुलांना जलद, गुंतागुंतीच्या ठेक्याचं संगीत हवं असायचं, आणि ते सर्वांत जास्त सापडलं ब्राझीलच्या तबकड्यांत. त्यातली बरीच मुलं कॅरिबियनमधून आलेल्या घरांतली. म्हणजे ज्या तबकड्या रिओतले दुकानदार ढिगाने विकत होते त्या इथे लोक जपून, कव्हरवरची नावं झाकून लावायचे, दुसऱ्याला कळू नये म्हणून. पुढच्या पुनर्मुद्रण कंपन्या याच गर्दीतून उभ्या राहिल्या.

मी अझिमुथला ऐकलंय, मामांव जाण्याआधी काही वर्षं. छोटा हॉल, मी ड्रमपासून पाच हातांवर. बेर्त्रामींच्या जागी किको काँतिनेंतिनू होते. मामांव तेव्हा सत्तरीच्या घरात. डोक्यावर टोपी, खांदे अजिबात हलत नव्हते. मनगटापासून पुढेच काय ती हालचाल. मध्येच त्यांनी ड्रम सोडला आणि गालांवर, छातीवर हाताने तोच ठेका वाजवून दाखवला, तोंडाने कुईकाचा आवाज काढला, आणि पुन्हा अलगद काठ्या उचलल्या. ठेका एकदाही तुटला नाही. माझ्या शेजारी वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता, तो शेवटी रडत होता.

आणि हो, मॅडलिब या हिपहॉप निर्मात्याने मामांवांबरोबर 'जॅक्सन काँती' नावाने अख्खी एलपी केली, २००८ मध्ये. ज्याच्या तबकड्यांतून तुकडे घेतले त्यालाच जोडीदार केलं. रोखठोक, पैशांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

रोखठोक

सुईदोरा, आर्या, मनापासून धन्यवाद. बिदागीवर वाजवणाऱ्याला काही मिळत नाही हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून बाकीचंही पटलं. व्हेरोकाय ऐकतो.

निनाद७८

चर्चेत 'बांदा ब्लॅक रिओ' अजून आलं कसं नाही! त्यांची १९७७ ची 'मारिया फुमासा' म्हणजे या प्रकारातली सर्वांत आनंदी तबकडी. पूर्ण वाद्यसंगीत. मारिया फुमासा म्हणजे कोळशावरची आगगाडी, शब्दशः 'धुरकट मारिया'. शीर्षकाची रचना 'लोकोमोचिव्हास' या मालिकेच्या सुरुवातीला वाजायची. ब्रास वाद्यं शिट्टी देतात, ठेका चाकं धरतो.

पण या आनंदामागे काय होतं तेही बघायला हवं. १९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती, १९६८ च्या डिसेंबरनंतर तर फारच कडक. याच काळात रिओच्या उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांत शनिवार-रविवारी मोठाले नाच भरायचे. हजारो काळी तरुण मुलं-मुली, केस मोठे वाढवलेले, उंच टाचांचे बूट, आणि भिंतीसारखे रचलेले स्पीकर. गाणी जेम्स ब्राऊनची. दॉम फिलो यांनी रेनासेंसा क्लबात हे नाच सुरू केले, ते मधूनच पडद्यावर काळ्या माणसांची चित्रं दाखवायचे. १९७६ मध्ये एका वृत्तपत्रातल्या मोठ्या लेखाने याला 'ब्लॅक रिओ' नाव दिलं. गुप्त पोलिसांनी पाळत ठेवली, कारण काळी माणसं इतक्या संख्येने एकत्र येतात आणि स्वतःचा अभिमान बाळगतात, हेच सरकारला धोक्याचं वाटलं. दुसरीकडे सांबाचे अभिमानी म्हणायचे, ही अमेरिकेची नक्कल.

बांदा ब्लॅक रिओचे सॅक्सोफोनवादक ओबेर्दान मागाल्यांयस यांनी या वादाला वाजवून उत्तर दिलं. सांबा आणि फंक एकाच ताटात वाढले. ते आधी दॉम साल्व्हादोर यांच्या 'आबोलिसांव' या ताफ्यात होते. 'आबोलिसांव' म्हणजे गुलामगिरीचं निर्मूलन. त्यांची १९७१ ची 'सों, सांगी ई रासा', म्हणजे 'नाद, रक्त आणि वंश', हीच माझ्या मते सगळ्याची सुरुवात. तो ताफा मोडला, दॉम साल्व्हादोर न्यूयॉर्कला गेले आणि ब्रुकलिनमधल्या नदीकाठच्या एका हॉटेलात १९७७ पासून कित्येक दशकं पियानो वाजवत राहिले. जेवायला आलेल्या किती जणांना ठाऊक असेल हा माणूस कोण ते? ओबेर्दान १९८४ मध्ये अपघातात गेले.

काळी_दोन, तुमच्या यादीत आधी 'मारिया फुमासा' घाला, मग दॉम साल्व्हादोर. मार्कोस व्हालेच्या १९७० ते ७३ च्या चारही एलपी सिअ‍ॅटलच्या 'लाइट इन द अ‍ॅटिक'ने काढल्यात, त्या नंतर सावकाश.

मडगांवकार

निनाद, फार मोलाचं लिहिलंत. एक भर : या तबकड्या छापायची सोय खुद्द ब्राझीलमध्येच मध्यंतरी संपली होती. रिओजवळच्या बेलफोर्द रोशू गावातला 'पोलिसों' हा कारखाना २००७ मध्ये बंद पडला आणि नव्या मालकांनी तो दोनेक वर्षांत पुन्हा उभा केला. पुढे साओ पाउलोत 'व्हिनिल ब्राझील' सुरू झाला. त्यांची छपाई यंत्रं भंगारात सापडली. कोणाची? त्याच जुन्या काँटिनेंटल कंपनीची. व्हेरोकायची तबकडी काढणारी कंपनी ती!

काळी_दोन

हे वाचून अंगावर काटा आला. यंत्रंसुद्धा पुन्हा कामाला लागली.

एक अडचण विचारतो. 'मारिया फुमासा' काल एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, पण त्याच्याकडून आधी आलेली दुसरी एक तबकडी वाकलेली निघाली. पार्सल उन्हात पडून होतं असं दिसतं. टर्नटेबलवर फिरताना कड वर-खाली होते, सुई प्रत्येक फेऱ्याला उचलली जाते. विक्रेता परत घ्यायला तयार नाही. काही करता येईल का?

सुईदोरा

येईल, घाई नको. दोन जाड काचा घ्या, तबकडीहून मोठ्या. तबकडी आधी धुऊन पूर्ण कोरडी करा, धुळीचा एक कण राहिला तरी तो दाबला जाऊन खाचेत रुतेल. दोन्ही काचांमध्ये ठेवा आणि वर सारखं वजन, मी शब्दकोशाचे खंड ठेवतो. सपाट जागी, खोलीत, दोन-तीन आठवडे. उन्हात ठेवू नका, ओव्हनचा प्रयोग तर मुळीच नको. पीव्हीसी आहे ते, साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते मऊ पडून खाचाच बिघडायला लागतात. पूर्ण सरळ होईलच असं नाही, पण सुई टिकेल इतकी बहुतेक वेळा होते. आणि पावसाळ्यात कव्हरं भिंतीला टेकवून ठेवू नका, पुण्यातसुद्धा बुरशी धरते.

रोखठोक

व्हेरोकाय ऐकलं. रात्री उशिरा, दिवा बंद करून, फोनवरच. 'ना बोका दु सोल'मध्ये व्हायोलिनं येतात आणि एकदम थांबतात, नुसती गिटार उरते. ती जागा मी चार वेळा मागे नेऊन ऐकली. बायकोने विचारलं काय ऐकतोयस, तर तिलाही एक कान दिला. मोठ्या स्पीकरवर ही तबकडी ऐकायला कुठे मिळेल?

सुईदोरा

माझ्याकडे मिस्टर बाँगोची प्रत आहे. पुण्यात कोणाच्या घरी जमायचं असेल तर घेऊन येतो.

काळी_दोन

माझ्या घरी या. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला, पत्ता निरोपात देतो. ढोलकी_आणि_कडं, तुम्ही ढोलकी आणा. दुसऱ्या मात्रेवरचं ते वजन मला हातात घेऊन बघायचंय, मी कीबोर्ड लावून ठेवतो. आतला नावांचा कागद टेबलावर असेल, पण तेलकट हाताने कुणी धरू नका. कांदाभजी नंतर.

ढोलकी_आणि_कडं

साताऱ्याहून दुपारच्या एसटीने निघतो. सोबत कडंही आणतो, आगोगोच्या जागी चालेल का बघू.